गोधडी शिवणाऱ्या हातांचे मोल

(लाखांदूर येथे विहाराच्या वर्धापनदिनी महिलांच्या वतीने केलेले भाषण)



 बोलायला उभी एकच बाई आहे, पण बोलणे आम्हा सगळ्यांचे आहे. चार ठिकाणी बसून, एकमेकींना विचारून हे लिहून काढले आहे. म्हणून आम्ही 'आम्ही' असेच म्हणणार.

विषय अगदी घरातला आहे. गोधडी म्हणा, वाकळ म्हणा. ती प्रत्येकाच्या घरी आहे आणि तिच्यावर भाषण करावे असे आजवर कोणाला वाटले नाही. पण गेल्या दोन हिवाळ्यांपासून आम्ही काही बायका गोधड्या, दुपटी, बसायची आसने आणि पिशव्या शिवून विकत आहोत. त्यात जे समजले, जे खटकले आणि समाजापुढे जे मागायचे आहे, ते सांगण्यासाठी ही संधी घेतली आहे.

आम्ही विहाराच्या वऱ्हांड्यात शिवायला बसू का, असे विचारले तेव्हा एका वडीलधाऱ्या माणसाने आम्हांला सरळ सवाल केला, "बाई, बाबासाहेबांनी आपल्याले चिंध्या सोडाले लावल्या, अन् तुमी विहारातच चिंध्या घेऊन बसता?" काही बायकांना राग आला. पण नंतर विचार केला तेव्हा वाटले, हा सवाल रागावण्यासारखा नाही, उत्तर देण्यासारखा आहे. कारण चिंधीचे दुःख त्या पिढीने पाहिलेले आहे.

जुन्या गावगाड्यात आपल्या माणसांच्या वाट्याला काय येत होते? मढ्यावरचे कापड आपल्या हक्काचे म्हणून दिले जाई. दुसऱ्याने अंगावरून उतरवलेले वस्त्र आपण नेसायचे. नवे, स्वच्छ कापड अंगावर दिसले तर लोकांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. डिसेंबर 1927 मध्ये महाडला सत्याग्रह परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांना वेगळे बोलावून सांगितले की, ज्या पेहरावावरून आणि दागिन्यांवरून तुमची जात ओळखू येते तो पेहराव, ते दागिने टाका. तेथे आलेल्या बायकांनी लगेच लुगडे नेसण्याची पद्धत बदलली. कपडा ही किती मोठी गोष्ट आहे हे त्या माउलींना कोणी शाळेत शिकवले नव्हते, पण त्यांना ते कळले होते.

आणखी एक गोष्ट आपल्या मुलांना माहीत नसेल. नागपूर-भंडारा भागात महार समाजातील अनेक कुटुंबे जाडेभरडे सुती कापड विणत असत. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातिजमातींवर 1916 साली जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातही ही नोंद आहे. म्हणजे कापडाशी आपले नाते फक्त फाटक्या तुकड्याचे नाही, विणणाऱ्याचेही आहे. गिरणीचे कापड स्वस्त झाले आणि हातमागाचे दिवस फिरले. 1877 साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. पुढे आपलीच माणसे अशा गिरण्यांत मजूर म्हणून गेली. माग गेला, मजुरी राहिली. इकडे धानाच्या पट्ट्यात बायकांच्या हाताला रोवणी, कापणी, विडी आणि तेंदूपाने एवढेच उरले. आणि घरात सुई उरली. त्या सुईला कोणी धंदा म्हटले नाही, म्हणून ती कोणी हिसकावलीही नाही.

आता चिंधीविषयी. आपण विहारात बसलो आहोत म्हणून विनयपिटकातील दोन-तीन गोष्टींची आठवण देतो. सुरुवातीच्या काळात भिक्खू पांसुकूल चीवर वापरत. म्हणजे उकिरड्यावर, वाटेवर, स्मशानात टाकून दिलेले तुकडे वेचायचे, धुवायचे, जोडायचे आणि अंगावर घ्यायचे. पुढे भगवंत मगध देशातून चालले असताना त्यांना धानाची शेते दिसली. चौकोनी तुकडे, मध्ये बांध, बांधाला बांध मिळालेले. त्यांनी आनंदाला विचारले की, भिक्खूंसाठी असे चीवर करता येईल का? आनंदाने तसे तुकडे जोडून चीवर तयार केले आणि भगवंतांनी त्याची वाखाणणी केली. म्हणजे आज भन्तेजींच्या अंगावर जे चीवर आहे, त्याची आखणी धानाच्या शेताची आहे. आपल्या लाखांदूरच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पावसाळ्यात कोणत्याही धुऱ्यावर उभे राहून बघा, बांधीला बांधी लागून हेच चीवर पसरलेले दिसते.

दुसरी गोष्ट कोसंबीची. राजा उदेनाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दान दिली. राजाला वाटले, हा भिक्खू आता कापडाचे दुकान घालणार की काय! त्याने जाऊन विचारले, एवढ्या वस्त्रांचे काय करणार? आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना वाटू. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे करू. जुन्या पांघरुणांचे? गादीच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवरचे अंथरूण. त्याचे पायपुसणे, पायपुसण्याचे फडके, आणि फडकेही फाटले की त्याचे तुकडे चिखलात कालवून जमीन सारवायला वापरू. राजा खूश झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. ही गोष्ट ऐकताना आम्ही बायका हसलो, कारण आमच्या घरी हेच चालते. लुगड्याचे दुपटे, दुपट्याचे गोधडीतले ठिगळ, गोधडीचे पोतेरे.

मग फरक कोठे आहे? भिक्खूने चिंधी आपल्या मर्जीने उचलली. आपल्या माणसांवर ती लादली गेली. लादलेली चिंधी बाबासाहेबांनी सोडायला लावली, ते योग्यच झाले. आज आम्ही हातात कापड घेतो ते स्वच्छ धुतलेले, आम्ही निवडलेले, आणि त्यातून काय करायचे, किती दामाला द्यायचे हे आम्ही ठरवतो. माणसाने धंदा आपल्या मर्जीने निवडावा, जन्माने तो गळ्यात पडू नये, हीच बाबासाहेबांची शिकवण आहे. दाम ठरवायचा हक्क मात्र अजून पुरता हाती आलेला नाही. आमचे आजचे खरे बोलणे त्यावरच आहे.

दाम समजायचा तर आधी काम समजले पाहिजे. पुरुष मंडळींनी गोधडी पांघरली आहे, शिवताना फारशी पाहिली नाही, म्हणून थोडक्यात सांगतो.

पहिले काम कापड निवडण्याचे. जुने सुती लुगडे, धोतर, चादर हे उत्तम. पण सुती लुगडी नेसणाऱ्या आज्या आता थोड्या राहिल्या. आजच्या साड्या बहुतेक नायलॉन-पॉलिएस्टरच्या. ते कापड घाम शोषत नाही, सुईखाली सरकते आणि शेकोटीजवळ ठिणगी पडली तर वितळून अंगाला चिकटते. म्हणून बाळाच्या दुपट्यात आणि अंगाशी येणाऱ्या थरात आम्ही ते घालत नाही. शिंप्याच्या दुकानातले सुती कातरण आणतो, आणि अस्तराला नवा मांजरपाट विकत घेतो.

मग कापड गरम पाण्यात साबण-सोडा घालून धुवायचे, कडक उन्हात वाळवायचे, जुनी शिवण उसवायची, विरलेला भाग कापून टाकायचा. जमीन झाडून-सारवून कोरडी करायची. खाली अस्तर ताणून पसरायचे आणि चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. त्यावर एकेक थर लावायचा. कोठे सुरकुती नको, कोठे उंचवटा नको. सगळ्यात वर रंग बघून तुकडे मांडायचे. मग आधी मोठे कच्चे टाके घालून थर पक्के बसवायचे. त्यानंतर खरा धावदोरा सुरू होतो. कडेकडेने चार बाजूंनी शिवत शिवत मध्यापर्यंत यायचे. शेवटी चहूबाजूंनी मगजी लावायची. हाताखाली थर हलला तर मध्ये फुगा येतो आणि सगळे उसवावे लागते.

आमच्यातल्या एका शिकलेल्या मुलीने याचा हिशेब वहीत मांडला. गोधडी दोन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद धरा. टाक्यांच्या ओळींत बोटभर, म्हणजे दोन सेंटिमीटर अंतर. रुंदीत 75 ओळी बसतात. प्रत्येक ओळ दोन मीटरची, म्हणजे दीडशे मीटर शिवण. सेंटिमीटरला एक टाका धरला तर एका गोधडीला 15,000 टाके पडतात. मिनिटाला दहा टाके धरले तर 1,500 मिनिटे, म्हणजे 25 तास नुसते टाके. धुणे, उसवणे, तुकडे जोडणे, थर लावणे, मगजी लावणे याचे आणखी पंधरा तास धरा. झाले चाळीस तास. आठ तासांचा दिवस मानला तर पाच दिवसांची पूर्ण मजुरी. हे काम आम्ही सलग करत नाही, स्वयंपाक-पाणी आणि शेत सांभाळून करतो, म्हणून कोणाला दिसत नाही. एका गोधडीला तीन-तीन आठवडे लागतात आणि लोक म्हणतात, बसल्या बसल्या शिवली.

पाच दिवसांच्या मजुरीचे किती पैसे? 2025-26 साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये ठरली होती. रोजगार हमी ही आपल्या राज्याचीच देणगी, 1977 साली तिचा कायदा झाला. तिथे मातीकामाचे माप टेपाने घेतात आणि त्यावर पैसे ठरतात. त्याच दराने पाच दिवसांचे 1,560 रुपये झाले. अस्तर, दोरा, साबण यांचे 400 धरा. गोधडीची किंमत 1,960 रुपये होते, आणि यात एका पैशाचा नफा धरलेला नाही.

आता बाजारात काय होते ते ऐका. आम्ही गोधडी मांडली की गिऱ्हाईक हात लावून पाहते, टाके छान आहेत म्हणते, आणि विचारते, "कितीले?" किंमत सांगितली की म्हणते, "का जी, चिंध्याइचे का एवढे पैसे मागता?" आणि चारशेला मागते. चारशेत गोधडी दिली तर कापड-दोऱ्याचेच पैसे निघतात. पाच दिवस फुकट गेले. खड्डा खोदला तर त्याचे माप होते, 15,000 टाक्यांचे माप नाही!

गिऱ्हाइकाचाही सगळा दोष नाही. शेजारच्या दुकानात रंगीत ब्लँकेट त्याहून स्वस्त मिळते. हरियाणातील पानिपत येथे टाकून दिलेले कपडे यंत्रावर पिंजायचे, त्याचे सूत काढायचे आणि ब्लँकेट विणायचे, असा फार मोठा धंदा उभा राहिला आहे. परदेशातून जुन्या कपड्यांचे गठ्ठे तिथे येतात. म्हणजे चिंधीचे पांघरूण तेही करतात आणि आम्हीही करतो. त्यांच्या कामाला उद्योग म्हणतात आणि आमच्या कामाला रिकामपण! यंत्राशी स्वस्ताईत आपण टिकणार नाही. तो नाद सोडावा, असे आमचे मत झाले आहे. आपण टिकलो तर टिकाऊपणावर, सुती कापडावर आणि हातच्या कामावर टिकू.

शहरात हातच्या गोधडीला मान आहे, मोलही आहे. पण ते मोल आपल्यापर्यंत पोचत नाही. एकदा शहरातून आलेल्या एका खरेदीदाराने आमच्याकडून काही गोधड्या नेल्या. त्याचे नाव घेण्याचे कारण नाही. त्याने आमचे, आमच्या हातांचे फोटोही काढले. पुढे आमच्यातल्या एकीच्या मुलाने मोबाइलवर दाखवले की त्याच गोधड्या आम्हांला दिलेल्या पैशांच्या कितीतरी पटीने विकायला ठेवल्या आहेत. खाली लिहिले होते, ग्रामीण स्त्रियांची पारंपरिक कला. गावाचे नाव नाही, बाईचे नाव नाही. व्यापाऱ्याने नफा घ्यावा, त्याला भाडे आहे, प्रवास आहे, हे आम्हांला कळते. पण ज्या कामाची किंमत तिथे कळते ती इथे सांगितली जात नाही, हे मात्र बरोबर नाही.

विडीच्या कामात आपल्या जिल्ह्यातील बायकांनी हेच भोगले आहे. हजार विडीमागे मजुरी, आणि त्यातूनही छाट म्हणून काही विड्या बाजूला. तरी विडी कामगारांसाठी 1966 साली कायदा झाला. घरी बसून विडी वळणारी बाईसुद्धा कामगार आहे, हे त्या कायद्याने मान्य केले. घरी बसून गोधडी शिवणारी बाई कोण आहे, हे मात्र कोणी विचारत नाही. 2023 साली केंद्र सरकारने पीएम विश्वकर्मा योजना आणली. तीत 18 व्यवसाय आहेत. शिंपी आहे, टोपल्या-चटया करणारे आहेत, खेळणी करणारे आहेत. गोधडी शिवणारी म्हणून वेगळे नाव नाही. शिवणकाम येणाऱ्या बाईला शिंपी म्हणून नोंद करता येते का, हे ग्रामपंचायतीत, नगरपंचायतीत जाऊन जरूर विचारावे. अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आणि पाच टक्के व्याजाने कर्ज अशी तरतूद त्यात आहे.

त्याच 1966 सालची एक गोष्ट दूर अमेरिकेची आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. बाबासाहेबांनी 1946 साली डू बॉइस या काळ्या विचारवंताला पत्र लिहिले होते. त्यांचे दुःख आणि आपले दुःख यांचे नाते बाबासाहेबांनी ओळखले होते. त्या देशात अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज् बेंड नावाची वस्ती आहे. गुलामीत राबलेल्या काळ्या लोकांचे वंशज तिथे राहतात. तिथल्या बायका जुन्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवत. 1965 च्या सुमारास मतदानाच्या हक्काची चळवळ पेटली. ज्यांनी मतदार म्हणून नाव नोंदवले त्यांतल्या कित्येकांना जमीनमालकांनी घराबाहेर काढले. अशा वेळी 1966 साली त्या भागातील बायकांनी एकत्र येऊन सहकारी संस्था काढली. तिचे नाव 'फ्रीडम क्विल्टिंग बी', म्हणजे स्वातंत्र्यासाठी जमलेला गोधडी शिवणाऱ्यांचा मेळा. न्यूयॉर्कमध्ये गोधड्या विकल्या गेल्या. आलेल्या पैशांतून त्यांनी जमीन घेतली, 1969 साली स्वतःचे शिवणकेंद्र बांधले, आणि बेघर झालेल्या कुटुंबांना त्यातल्या जागा विकत दिल्या. गोधडीच्या पैशांतून मत देणाऱ्या माणसाला घर मिळाले, याहून मोठे मोल ते कोणते?

पण त्या गोष्टीचा पुढचा भागही ऐकला पाहिजे. 2002 साली जीज् बेंडच्या गोधड्या न्यूयॉर्कच्या मोठ्या संग्रहालयात भिंतीवर लागल्या. 2006 साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची तिकिटे काढली. नाव झाले. तरी 2007 साली त्यांतल्या काही बायकांना, आमच्या कामाचा वाजवी मोबदला मिळाला नाही म्हणून कोर्टात जावे लागले. 2008 मध्ये ते प्रकरण मिटले. आणि ती सहकारी संस्थाही 2012 साली बंद झाली. म्हणजे नुसती कीर्ती पुरत नाही, हिशेब हातात लागतो. आणि संस्था चालवायची तर म्हाताऱ्या बायकांमागे तरुण मुली उभ्या लागतात.

आपल्या जवळचेही उदाहरण आहे. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागात सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणले गेले होते. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांची जी गोधडी शिवतात तिला कवंद म्हणतात. 2004 पासून त्यांनीही एकत्र येऊन विकायला सुरुवात केली. जगाच्या दोन टोकांना, ज्यांना लोकांनी खालचे मानले त्या बायकांच्या हाती हीच सुई सापडते, यावर आपण विचार करावा.

या सगळ्यांतून शिकून आम्ही आमच्यापुरते काही नियम केले आहेत. तेही सांगतो, म्हणजे ज्या बहिणींना हे काम करायचे आहे त्यांना उपयोग होईल.

एक, मोठी गोधडी मागणीशिवाय शिवायची नाही, आणि अर्धा इसार घेतल्याशिवाय हातात घ्यायची नाही. पाच दिवसांची मजुरी घरात पडून राहणे आपल्याला परवडत नाही.

दोन, बाजारासाठी लहान वस्तू करायच्या. दुपटे, आसन, पिशवी, उशीचा अभ्रा. एका दिवसात होते, गिऱ्हाइकाच्या खिशाला झेपते. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, रात्री नाटके होतात. थंडीत पहाटेपर्यंत नाटक बघायला बसणारा माणूस आसनाला नाही म्हणत नाही! बाळंतपणाच्या घरी दुपटे जाते. ध्यानाला बसणाऱ्यांना आसन लागते.

तीन, सुती म्हणून सांगायचे तर सुतीच द्यायचे. मिसळ असेल तर तसे सांगायचे. एकीच्या लबाडीने सगळ्यांचे नाव जाते.

चार, प्रत्येक वस्तूच्या मागे कापडाची पट्टी शिवायची. तिच्यावर शिवणाऱ्या बाईचे नाव आणि 'लाखांदूर' हे गावाचे नाव. सही करता येत नसेल तर मुलीकडून लिहून घ्यायचे, आणि त्या निमित्ताने स्वतः लिहायला शिकायचे. आमच्यातल्या दोघी अशाच आपले नाव लिहायला शिकल्या.

पाच, वही. किती कापड आले, किती तास लागले, कितीला गेले, कोणाला किती दिले. विक्री झाली त्याच संध्याकाळी सगळ्यांसमोर वाटप. उधारी नाही, नातेवाइकालाही नाही.

सहा, शाळेच्या वेळात कोणतीही मुलगी सुई हातात घेणार नाही. हा नियम सगळ्यांत मोठा. आम्ही गोधडी शिवतो ती मुलीची फी भरायला. तिची शाळा सोडवून तिला शिवायला बसवायचे असेल, तर ही गोधडी आम्हांला नको.

बंधू-भगिनींनो, गोधडीने आमचे दारिद्र्य गेले असे सांगायला आम्ही आलो नाही. गेलेले नाही. डोळ्यांना त्रास होतो, गुडघे धरतात, बोटांना सुई टोचते. पण रोवणी संपल्यावर आणि कापणी उरकल्यावर जे महिने हात रिकामे राहत, त्या महिन्यांत दोन पैसे येऊ लागले. कोणी वह्या घेतल्या, कोणी चष्मा केला, कोणी सावकाराचे व्याज फेडले. आणि घरात एक फरक पडला. पूर्वी नवरा बाजारात जाताना विचारायचा, काय आणू? आता विचारतो, तुझ्याकडं किती आहेत? हसू नका, यातही थोडी प्रगती आहे.

आता आमचे मागणे. विहाराच्या कमिटीने आम्हांला एक कपाट आणि आठवड्यातून दोन दुपारी सभागृहाचा कोपरा द्यावा. जागा झाडून, पुसून परत देऊ. घरोघरी सुती जुने कपडे असतील ते धुऊन द्यावेत. मळलेले देऊ नयेत, कारण देताना सन्मान असला पाहिजे. विहारासाठी नवी आसने घ्यायची असतील तर बाहेरून आणण्याआधी आमच्याकडे बघावे, आणि भाव कमी करून मागू नये. समाजाचे काम म्हणून फुकट करा, असेही सांगू नये. दान आम्ही देतोच, पण मजुरी ती मजुरी. आपल्या पवनीला जगन्नाथ टेकडीवर 1969-70 साली जे उत्खनन झाले, त्यात स्तूपाच्या दगडी कठड्यावर दान देणाऱ्या माणसांची नावे कोरलेली सापडली. दोन हजार वर्षांपूर्वीच्या साध्या उपासकांची नावे दगडाने राखून ठेवली. आम्ही दगड मागत नाही. कापडाच्या पट्टीवरचे नाव तेवढे पुसू नका.

आणि आमच्या बहिणींना एकच सांगणे. उद्यापासून कोणी विचारले, बाई काय करता? तर 'काही नाही, घरीच असतो' असे म्हणू नका. 'गोधड्या शिवतो' असे म्हणा आणि किंमत सांगताना मान खाली घालू नका. 15,000 टाके मोजून घातले आहेत.



जयभीम! नमो बुद्धाय!